मधुमेहाचं औषध शोधताना कॅन्सरचं सापडलं : सदाफुलीची पानं आणि डॉ. रॉबर्ट नोबल

सदाफुली माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. तुळशीवृंदावनाच्या शेजारी, एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीला, सोसायटीच्या गेटजवळ, बाल्कनीतल्या फुटक्या बादलीत, कुठेही ती उगवते. पाणी घालायचं विसरलात तरी तक्रार करत नाही. बारा महिने गुलाबी-पांढरी फुलं देत राहते आणि शेळ्या-गुरंसुद्धा तिला फारसं तोंड लावत नाहीत.

या सदाफुलीबद्दलचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. सकाळी अनशापोटी चार पानं चावा, शुगर आटोक्यात येते. काही मेसेज आणखी पुढे जातात आणि कॅन्सर बरा होत असल्याचं सांगतात.

यातली गंमत अशी, की सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध तयार होतं हे खरं आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आणि हाडांच्या एका प्रकारच्या कॅन्सरवर ते आज जगभर वापरलं जातं. पण पानं चावून कॅन्सर बरा होतो हे मात्र खरं नाही. या दोन वाक्यांमधलं अंतर समजून घ्यायचं असेल तर कॅनडातल्या एका डॉक्टरची गोष्ट बघावी लागते. त्यांचं नाव डॉ. रॉबर्ट लेंग नोबल.

एक नाणं उडालं आणि थोरल्याचा नंबर हुकला

गोष्ट सुरू होते रॉबर्ट यांच्या थोरल्या भावापासून. साल १९२१. टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग नावाचा तरुण सर्जन मधुमेहावर औषध शोधायच्या खटपटीत होता. प्राध्यापक मॅक्लिऑड यांनी त्याला प्रयोगशाळा दिली आणि मदतीला दोन विद्यार्थी सुचवले. एक चार्ल्स बेस्ट आणि दुसरा क्लार्क नोबल.

उन्हाळ्याचे दिवस होते. दोघांनी आळीपाळीने काम करायचं ठरलं. आधी कोण जाणार हे ठरवायला नाणं उडवलं गेलं आणि बेस्ट जिंकला. काही आठवड्यांनी क्लार्कची पाळी येणार होती, पण तोवर बेस्टचा हात कामात चांगलाच बसला होता. बँटिंगबरोबर तोच पुढे राहिला.

त्या प्रयोगशाळेतून इन्सुलिन बाहेर आलं. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका मुलाला दिलं गेलं. १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल मिळालं. बँटिंगने आपल्या वाट्याचे पैसे बेस्टबरोबर वाटून घेतले. मॅक्लिऑडने इन्सुलिन शुद्ध करणाऱ्या जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाला निम्मा वाटा दिला. क्लार्क नोबल यांनी इन्सुलिनवरच्या पुढच्या संशोधनात काम केलं, काही शोधनिबंधांवर त्यांचं नावही आहे. पण बँटिंग आणि बेस्ट या जोडनावात त्यांना जागा मिळाली नाही ती नाहीच.

हे सगळं घडत होतं तेव्हा रॉबर्ट अकरा वर्षांचे होते.

धाकटा भाऊ

रॉबर्ट यांचा जन्म १९१० चा, टोरांटोचा. थोरल्या भावाच्या पावलावर पाऊल ठेवून त्यांनीही टोरांटोत वैद्यकीय शिक्षण घेतलं. मग लंडन विद्यापीठातून १९३७ मध्ये पीएचडी केली. त्यांचा विषय होता हार्मोन्स, म्हणजे शरीरातल्या ग्रंथींमधून पाझरणारी रसायनं. परत आल्यावर ते माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात कामाला लागले. तिथे त्यांचे वरिष्ठ कोण होते? तेच जेम्स कॉलिप, इन्सुलिन शुद्ध करणारे. इन्सुलिनच्या गोष्टीने नोबल घराण्याची पाठ काही सोडली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नोबल यांनी दोन अगदी वेगळ्या विषयांवर काम केलं. एक, बोट लागणं, म्हणजे समुद्रावर किंवा विमानात होणारी मळमळ. सैनिक लढण्याआधीच ओकून गळून गेले तर काय उपयोग, हा तेव्हा लष्करापुढचा खरा प्रश्न होता. दुसरं काम होतं गंभीर जखमांनंतर येणाऱ्या शॉकचं. कॉलिप यांच्यासोबत त्यांनी १९४२ मध्ये प्रयोगशाळेत शॉकचा अभ्यास करण्यासाठी एक फिरतं पिंप तयार केलं. नोबल-कॉलिप ड्रम या नावाने ते पुढे अनेक वर्षं वापरात राहिलं.

१९४७ मध्ये कॉलिप ओंटारिओ प्रांतातल्या लंडन नावाच्या शहरात वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात गेले. नोबलही त्यांच्यासोबत गेले. तोपर्यंत कॅन्सरच्या औषधाशी त्यांचा थेट संबंध नव्हता.

जमैकाहून आलेली २५ पानं

१९५२ मध्ये क्लार्क नोबल यांच्या हातात जमैकाहून आलेलं एक पाकीट पडलं. त्यांच्या एका रुग्णाने ते पाठवलं होतं. आत होती एका झुडपाची २५ पानं. जमैकातले लोक या पानांचा काढा मधुमेहावर घेतात, इन्सुलिन मिळेनासं झालं की लोक यावर भागवतात, असं सोबत कळवलं होतं.

ते झुडूप म्हणजे आपली सदाफुली. मूळची मादागास्करची, पण जहाजांबरोबर जगभरच्या उष्ण देशांत पोहोचलेली. तेव्हा शास्त्रज्ञ तिला विंका रोझिया म्हणायचे. आज तिचं शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस आहे.

क्लार्क तेव्हा स्वतः प्रयोगशाळेत काम करत नव्हते. त्यांनी ती पानं धाकट्या भावाकडे पाठवून दिली. तोंडाने घेता येईल असं मधुमेहाचं औषध मिळालं तर इन्सुलिनच्या रोजच्या सुईतून लाखो लोकांची सुटका होईल, हे वेगळं सांगायला नको होतं.

नोबल यांनी पानांचा अर्क काढला आणि उंदरांना पाजला. रक्तातली साखर तपासली. काहीच फरक नाही.

इथे बहुतेक जण थांबले असते. लोकांचा समज होता, तपासून बघितला, चुकीचा निघाला, फाइल बंद. नोबल मात्र आणखी एक पायरी पुढे गेले. तोंडाने दिलेला अर्क कदाचित पोटातच वाया जात असेल, म्हणून त्यांनी तो इंजेक्शनने दिला.

साखर तशीच राहिली, पण उंदीर मेले.

उंदीर मेले, पण कशाने?

एखादा अर्क टोचल्यावर उंदीर मेले तर सरळ निष्कर्ष निघतो की अर्क विषारी आहे. पण हे उंदीर लगेच मेले नव्हते. काही दिवस गेले, मग आजारी पडले, मग मेले. तपासल्यावर त्यांच्या अंगात जागोजागी पू झालेला दिसला. जंतुसंसर्ग झाला होता, आणि तोही अशा जंतूंचा ज्यांना निरोगी उंदीर एरवी सहज पुरून उरतो.

म्हणजे अर्काने उंदरांना थेट मारलं नव्हतं, त्यांची प्रतिकारशक्ती काढून घेतली होती. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी कमालीच्या घसरलेल्या दिसल्या. या पेशी तयार होतात हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. तिथलंच काम थंडावलं होतं.

आता हा तुकडा उलटा करून बघा. ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये काय होतं? याच पांढऱ्या पेशी बेफाम वाढत सुटतात. सदाफुलीतला कुठला तरी पदार्थ पांढऱ्या पेशींची वाढ रोखत असेल, तर तो ल्युकेमियाच्या पेशींनाही रोखेल का?

मधुमेहाचा प्रयोग फसला होता आणि त्या फसलेल्या प्रयोगातून कॅन्सरचा प्रश्न उभा राहिला होता. यात नशिबाचा भाग होताच, पण मेलेल्या उंदरांकडे कचरा म्हणून न बघणारा माणूस तिथे होता हा भाग त्याहून मोठा होता.

ढीगभर पाला, चिमूटभर औषध

पुढचं काम डॉक्टरचं नव्हतं, रसायनतज्ज्ञाचं होतं. सदाफुलीत शंभराहून जास्त वेगवेगळी अल्कलॉइड्स असतात. अल्कलॉइड म्हणजे वनस्पती स्वतःच्या बचावासाठी तयार करते ती रसायनं. चवीला कडू आणि शरीरावर जोरदार परिणाम करणारी. निकोटिन, क्विनाइन, मॉर्फिन ही याच कुळातली. सदाफुलीतल्या या सगळ्या गर्दीत नेमका कोणता पदार्थ पांढऱ्या पेशी घटवतो हे शोधायचं होतं.

१९५४ मध्ये चार्ल्स बीअर हे रसायनतज्ज्ञ इंग्लंडहून नोबल यांच्या प्रयोगशाळेत आले. दोघांची पद्धत साधी पण चिकाटीची होती. बीअर अर्काचे वेगवेगळे भाग करायचे. प्रत्येक भाग उंदरांना टोचला जायचा आणि मग पांढऱ्या पेशी मोजल्या जायच्या. ज्या भागाने पेशी घटतील तो ठेवायचा, बाकीचे बाजूला. ठेवलेल्या भागाचे पुन्हा भाग करायचे, पुन्हा उंदीर, पुन्हा मोजणी.

शेवटी एक शुद्ध पदार्थ हाती लागला, स्फटिकांच्या रूपात. त्याला नाव दिलं विंकाल्युकोब्लास्टिन. विंका हे झाडाचं नाव आणि ल्युकोब्लास्ट म्हणजे कोवळी पांढरी पेशी. पुढे हेच नाव आटोपशीर होऊन विनब्लास्टिन झालं.

अडचण एकच होती, प्रमाणाची. एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. जमैकाहून आलेल्या २५ पानांच्या जोरावर पुढचा पल्ला गाठणं शक्य नव्हतं.

न्यूयॉर्क, १९५८

१९५८ मध्ये नोबल, बीअर आणि त्यांचे सहकारी कट्स यांनी आपलं काम न्यूयॉर्क ॲकॅडमी ऑफ सायन्सेसपुढे मांडलं. आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी योगायोगाने झालेल्या निरीक्षणांचा उल्लेख केला होता. आपण आधीपासून कॅन्सरचंच औषध शोधत होतो, असा आव त्यांनी आणला नाही.

तिकडे अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये इलाय लिली ही औषध कंपनीही याच झाडावर काम करत होती. तिथेही सुरुवात मधुमेहावरच्या लोकसमजुतीतूनच झाली होती. कंपनीतले गॉर्डन स्वोबोडा आणि आयर्व्हिंग जॉन्सन यांना दिसलं होतं, की ल्युकेमिया झालेले उंदीर या अर्काने जास्त काळ जगतात. दोन वेगळ्या देशांतले, दोन वेगळ्या वाटांनी निघालेले गट एकाच झुडपापाशी येऊन ठेपले होते.

दोघांनी हातमिळवणी केली. विद्यापीठाकडे शुद्ध पदार्थ आणि त्याचा अभ्यास होता, कंपनीकडे टनावारी पाला आणून त्यातून औषध काढायची ताकद होती. टोरांटोतल्या रुग्णांवर विनब्लास्टिनचे सुरुवातीचे प्रयोग झाले आणि १९६० च्या सुमाराला त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हॉजकिन्स लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवर ते विशेष उपयोगी ठरलं.

त्यानंतर स्वोबोडा यांनी सदाफुलीतून विनक्रिस्टीन नावाचा आणखी एक पदार्थ वेगळा केला. विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टीनच्या रेणूंमध्ये एका छोट्याशा कोपऱ्याचा फरक आहे, पण शरीरातली त्यांची वागणूक बरीच वेगळी आहे. विनब्लास्टिन अस्थिमज्जेला जास्त दाबतं. विनक्रिस्टीन मज्जेला त्या मानाने सांभाळून घेतं, पण नसांना त्रास देतं. १९६३ मध्ये अमेरिकेत विनक्रिस्टीनला मान्यता मिळाली. लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारांमध्ये ते जे बसलं ते आजतागायत तिथेच आहे.

हाडापर्यंत औषध कसं पोहोचलं?

आता पुन्हा १९२१ मध्ये जाऊ. टोरांटोत नाणं उडालं त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जेम्स युइंग या पॅथॉलॉजिस्टने हाडाच्या एका वेगळ्याच गाठीचं वर्णन प्रसिद्ध केलं. ही गाठ बहुतेक करून लहान आणि वयात येणाऱ्या मुलामुलींना होते. मांडीचं हाड, ओटीपोटाचं हाड, बरगड्या अशा ठिकाणी ती दिसते. तिला पुढे युइंग सार्कोमा हे नाव पडलं.

किरणोत्साराने ही गाठ वितळायची. डॉक्टरांना हुरूप यायचा. पण काही महिन्यांत आजार फुप्फुसात किंवा दुसऱ्या हाडात डोकं वर काढायचा. कारण गाठ दिसायच्या आधीच तिच्या पेशी रक्तातून इकडेतिकडे गेलेल्या असायच्या. एकाच जागेवरचा उपचार त्यांना गाठू शकत नव्हता. केमोथेरपी यायच्या आधी या आजारातून वाचणारी मुलं दहातलं एखादं, तेही मुश्किलीने.

साऱ्या शरीरात फिरून लपलेल्या पेशींना गाठेल असं काहीतरी हवं होतं. ते काम औषधांनी केलं, आणि त्यातलं एक होतं विनक्रिस्टीन. १९७० च्या दशकात युइंग सार्कोमासाठी औषधांचे एकत्र डोस द्यायला सुरुवात झाली आणि आकडे बदलू लागले. आज या आजारात साधारण पाच औषधं आलटून पालटून दिली जातात. विनक्रिस्टीन, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही एक फेरी. आयफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड ही दुसरी.

यातलं इटोपोसाइडही मूळचं वनस्पतीचंच. हिमालयात आणि उत्तर अमेरिकेत उगवणाऱ्या पोडोफायलम कुळातल्या झाडांपासून मिळणाऱ्या रसायनात बदल करून ते तयार केलं गेलं. म्हणजे पाचपैकी दोन औषधांची मुळं मातीत आहेत. ही दुसरी फेरी जोडल्याने काय फरक पडतो हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. आजार पसरलेला नव्हता अशा रुग्णांमध्ये, पाच वर्षं आजार न उलटता राहणाऱ्यांचं प्रमाण ५४ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेलं.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या युइंग सार्कोमाच्या उपचारांतही विनक्रिस्टीन आहे. परळला उपचारासाठी आलेल्या एखाद्या मुलाच्या शिरेतून उतरणारं ते औषध आणि त्याच्या गावच्या अंगणातली सदाफुली, यांचं नातं बहुतेक वेळा त्याच्या घरच्यांना माहीतही नसतं.

औषध नेमकं करतं काय?

एका पेशीच्या दोन होताना आतल्या गुणसूत्रांची सारखी वाटणी व्हावी लागते. ही वाटणी करायला पेशी आत बारीक दोर तयार करते. त्यांना मायक्रोट्यूब्यूल्स म्हणतात. काथ्याचे धागे वळून दोर करतात, तसे ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकापुढे एक जोडून हे दोर बनतात. गुणसूत्रं त्यांना अडकतात आणि दोन बाजूंना ओढली जातात.

विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टिन त्या ट्यूब्युलिनलाच जाऊन चिकटतात. मग दोर वळलाच जात नाही. गुणसूत्रं मधोमध ताटकळतात, पेशीचं विभाजन अर्ध्यावर अडकतं आणि ती मरते.

कॅन्सरच्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून त्यांना फटका जास्त. पण केसांची मुळं आणि अस्थिमज्जेतल्या पेशीही सारख्या विभागत असतात, म्हणून त्यांनाही झळ बसते. नसांमध्ये हेच दोर रुळांसारखे मालाची ने-आण करतात. त्यामुळे विनक्रिस्टीन घेणाऱ्यांना हातापायांना मुंग्या येणं, पाऊल नीट न उचललं जाणं, बद्धकोष्ठ होणं असे त्रास होतात.

नोबल यांच्या उंदरांचं जे झालं होतं त्याचं उत्तर हेच. उंदरांना मारणारा आणि मुलांना वाचवणारा पदार्थ एकाच जातीचा आहे. फरक पडतो तो किती, कसा आणि कुणाच्या देखरेखीखाली दिला यानं.

मग पानं चावली तर?

साधा हिशेब करू. एक ग्रॅम विनक्रिस्टीन मिळवायला सुमारे २,००० किलो वाळलेली पानं लागतात. रुग्णाला एका वेळी दिलं जाणारं विनक्रिस्टीन साधारणपणे २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे एका डोसमागे चार किलो वाळलेला पाला. चार पानं चावून उपचार होत नाही, हे यातूनच कळतं.

पण म्हणून ती पानं निरुपद्रवी आहेत असंही नाही. कोणत्या पानात कोणतं रसायन किती, हे ऋतूवर, मातीवर आणि झाडाच्या जातीवर अवलंबून असतं. सोबत इतर कितीतरी अल्कलॉइड्स पोटात जातात. मधुमेहाचं म्हणाल, तर पानांचा अर्क पाजून नोबल यांना उंदरांची साखर उतरलेली दिसली नव्हती. आणि ज्याची केमोथेरपी सुरू आहे, त्याच्या पांढऱ्या पेशी आधीच घटलेल्या असतात.

शुद्ध औषधालाही गंमत समजून चालत नाही. विनक्रिस्टीन फक्त शिरेतूनच द्यावं लागतं. शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस जळतं. चुकून पाठीच्या कण्यातून दिलं गेलं तर जीव जातो. असे अपघात जगात झालेले आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याबद्दल रुग्णालयांना खास सावध केलं आहे. तेच विनक्रिस्टीन याच संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.

हाडांच्या कॅन्सरबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हाडांचा कॅन्सर युइंग नाही, ऑस्टिओसार्कोमा आहे. त्याच्या आजच्या मुख्य औषधांमध्ये वनस्पतीपासून मिळालेलं एकही नाही. डॉक्सोरुबिसिन जिवाणूंपासून मिळालं, सिसप्लॅटिन प्लॅटिनम धातूपासून बनतं आणि मेथोट्रेक्सेट प्रयोगशाळेत तयार झालं. हळदीतल्या कर्क्युमिनसह अनेक वनस्पतीजन्य पदार्थांनी काचेच्या बशीतल्या ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी मरताना दिसल्या आहेत. पण बशीत पेशी मरणं आणि माणूस बरा होणं यांच्यामध्ये खूप मोठं अंतर असतं. कर्क्युमिन तर पोटातून रक्तात नीट शोषलंही जात नाही. सदाफुलीने ते अंतर कापलं, कारण कुणीतरी अर्क काढून, पदार्थ शुद्ध करून, मोजून, माणसांवर तपासून दाखवलं.

आणि वेळ हाही औषधाचाच भाग आहे. मुलाचं हाड आठवडेच्या आठवडे दुखतंय, रात्री जास्त दुखतंय, सूज वाढतेय, तर खेळताना मुकामार लागला असेल म्हणून तेल चोळत बसण्यापेक्षा एक्स-रे काढून घेणं कधीही चांगलं.

श्रेय कुणाचं?

१९६० मध्ये नोबल व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या कॅन्सर संशोधन केंद्राचे संचालक म्हणून गेले. बीअरही तिकडे गेले. १९७५ मध्ये नोबल निवृत्त झाले, तोवर संचालकपद त्यांच्याकडेच होतं. सदाफुलीनंतर ते पुन्हा आपल्या जुन्या विषयाकडे, हार्मोन्सकडे वळले. स्तनांचे आणि प्रोस्टेटचे कॅन्सर हार्मोन्समुळे कसे वाढतात हे बघण्यासाठी त्यांनी उंदरांची एक खास जात वापरली. संशोधकांमध्ये ते उंदीर एनबी, म्हणजे नोबल यांच्या नावाने ओळखले जातात.

बाजारात औषध कंपनीच्या नावाने गेलं आणि नफाही तिकडेच झाला. ज्या मादागास्करमधून हे झाड जगभर पसरलं, त्या देशाला त्यातून वाटा मिळाला नाही. ज्या जमैकन लोकांच्या काढ्यामुळे ती २५ पानं कॅनडात पोहोचली त्यांनाही नाही. तेव्हा असा वाटा मागता येईल असा आंतरराष्ट्रीय करारच नव्हता. तो जैवविविधता करार झाला १९९२ मध्ये. देशांच्या वनस्पतींवर आणि लोकांच्या पारंपरिक ज्ञानावर हक्क कुणाचा, या वादात आजही सदाफुलीचं उदाहरण हमखास निघतं. भारताचंही या साखळीत स्थान आहे. तमिळनाडूतले कोरडवाहू शेतकरी सदाफुलीचं पीक घेत आले आहेत आणि तिथली पानं आणि मुळं परदेशी औषध उद्योगाला जात आली आहेत.

औषधाचा पुरवठा हाही एक प्रश्न आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत विनक्रिस्टीनचा तुटवडा पडला आणि मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांची झोप उडाली. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी यीस्टमध्ये सदाफुलीची जनुकं बसवून विनब्लास्टिनचे दोन्ही कच्चे घटक तयार करून दाखवले. ही पद्धत मोठ्या प्रमाणावर जमली तर ढीगभर पाला सुकवायची गरज उद्या उरणार नाही.

शेवटी नाव राहिलंच

१९८८ मध्ये नोबल यांना ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान मिळाला. १९९० च्या डिसेंबरमध्ये व्हँकुव्हरमध्ये त्यांचं निधन झालं. वय ८०. १९९७ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय हॉल ऑफ फेममध्ये नोबल आणि बीअर या दोघांचा एकत्र समावेश झाला. त्यांच्या नावाने कॅन्सर संशोधनासाठी पुरस्कारही दिला जातो, रॉबर्ट एल. नोबल प्राइझ. म्हणजे स्पेलिंग वेगळं असलं तरी या घराण्याच्या नावाचं एक पारितोषिक जगात आहे.

थोरल्या भावाचा नंबर एका नाण्याने हुकवला होता. त्यानंतर ३१ वर्षांनी मधुमेहाचंच औषध म्हणून आलेलं पाकीट त्याने धाकट्याकडे पाठवलं. मधुमेहाचं औषध काही त्यातून मिळालं नाही. पण ल्युकेमिया झालेली, हाडात गाठ घेऊन आलेली, शाळा अर्धवट सुटलेली किती तरी मुलं त्या पानांमुळे मोठी झाली.

अंगणातली सदाफुली बघितली की हे आठवायला हरकत नाही. पण पानं तोडून तोंडात टाकायच्या आधी ते मेलेले उंदीरही आठवावेत.